स्कॅन झालेलं पान वाचतं कोण?

शंभर कागदांचा गठ्ठा स्कॅन केला आणि प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत एक बारीक उभी रेघ आली. मूळ कागदांवर ती कुठेच नाही. कागद आपोआप ओढून घेणाऱ्या स्कॅनरवर काम करणाऱ्यांना ही रेघ चांगली ओळखीची असते. काचेवर चिकटलेला धुळीचा एक कण तिच्यामागे असतो. अशा यंत्रात प्रकाश टिपणारी पट्टी जागच्या जागी असते आणि कागद तिच्यासमोरून सरकतो. पट्टी कागदाची एकेक आडवी ओळ टिपत जाते. प्रत्येक ओळीत तो कण त्याच जागी असतो, म्हणून ठिपक्याची रेघ होते. कागद काचेवर पालथा ठेवून स्कॅन केला तर पट्टी सरकते आणि काच हलत नाही, त्यामुळे तोच कण एका ठिपक्यावर भागतो.

स्कॅनरला अक्षरं कळत नाहीत. कोऱ्या जागेवरून भरपूर प्रकाश परत येतो, शाईवरून थोडा. तेवढंच तो मोजतो. १९५७ साली अमेरिकेतल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल किर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो स्कॅन केला, तेव्हा त्या चित्रात १७६ गुणिले १७६, म्हणजे जेमतेम ३१ हजार ठिपके होते. आज ए-फोर आकाराचा कागद इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने स्कॅन केला की सुमारे ८७ लाख ठिपके मिळतात. रंगीत असेल तर प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे एका पानाला २.६ कोटी बाइट.

जागा वाचवायची म्हणून अनेकजण थेट काळं-पांढरं स्कॅन करतात. तसं करताना प्रत्येक ठिपका काळा की पांढरा हे उजळपणाच्या एका सीमारेषेवर ठरतं. ही सीमारेषा चित्रातूनच शोधून काढण्याची एक सुंदर गणिती रीत नोबुयुकी ओत्सु यांनी १९७९ साली मांडली आणि ती अजून वापरात आहे. पण समासात पेन्सिलीने लिहिलेली फिकट नोंद किंवा पुसट शिक्का सीमारेषेच्या पलीकडे गेला, तर तो कायमचा पांढरा होतो. जुन्या कागदांना निदान करड्या छटांत तरी स्कॅन करावं, असं माझं ठाम मत आहे.

चित्रातून मजकूर काढण्याचं काम ओसीआर (ऑप्टिकल कॅरेक्टर रेकग्निशन) हे सॉफ्टवेअर करतं, आणि इथे देवनागरीची खरी परीक्षा असते. छापील रोमन लिपीत सहसा दोन अक्षरांमध्ये पांढरी फट असते, त्यामुळे ती सुटी करणं सोपं. आपल्याकडे शिरोरेषा अख्खा शब्द बांधून ठेवते. जुनी युक्ती अशी होती: ओळीतल्या प्रत्येक आडव्या रांगेतले काळे ठिपके मोजायचे, सर्वांत दाट रांग ती शिरोरेषा, ती पुसायची, की अक्षरं मोकळी होतात. मग वरच्या मात्रा, खालचे उकार, जोडाक्षरं वेगळी ओळखायची. ‘र’ला ‘व’ खेटून छापला गेला तर त्याचा ‘ख’ होतो. ‘भाडे’ या शब्दावर धूळ बसली तर ‘भांडे’ होतं. आताची न्यूरल नेटवर्कवर, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रॅमवर, चालणारी ओसीआर अख्खी ओळ सलग वाचतात आणि आजूबाजूच्या अक्षरांवरून अंदाज बांधतात, त्यामुळे चुका पुष्कळ कमी झाल्या आहेत. तरीही ९९ टक्के अचूकता म्हणजे दोन हजार अक्षरांच्या पानावर वीस चुका.

शब्दातली चूक संदर्भावरून सावरता येते. आकड्याला असा आधार बहुतेक वेळा नसतो. २०१३ साली जर्मनीतले संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांनी झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांमधला एक दोष उघडकीस आणला. घराच्या आराखड्यात तीन खोल्यांची क्षेत्रफळं १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर अशी होती. स्कॅन करून आलेल्या प्रतीत तिन्ही खोल्या १४.१३ च्या! तिथे ओसीआरचा संबंधच नव्हता. फाइल लहान व्हावी म्हणून यंत्र चित्रातले सारखे दिसणारे तुकडे एकदाच साठवत होतं आणि बाकीच्या ठिकाणी तोच तुकडा चिकटवत होतं. आकडा धूसर झाला असता तर पाहणाऱ्याला शंका आली असती. इथे तो स्वच्छ, ठळक आणि चुकीचा होता. कंपनीने पुढे सॉफ्टवेअर दुरुस्त केलं.

एवढं झाल्यावर पान दस्तऐवज व्यवस्थापन प्रणालीत जातं. तिथे त्याला क्रमांक, तारीख, विषय मिळतो आणि ओसीआरने काढलेल्या शब्दांची सूची बनते, पुस्तकाच्या शेवटी असते तशीच: कोणता शब्द कोणत्या पानांवर. ‘भाडे’ शोधलं आणि सूचीत ‘भांडे’ नोंदलं गेलं असेल, तर प्रणालीत असूनही ते पान हाती लागणार नाही.

फाइलमध्ये नंतर कोणी ढवळाढवळ केली का, हे तपासायला प्रणाली तिचा ‘हॅश’ काढून ठेवते. एसएचए-२५६ या रीतीने कोणत्याही फाइलचा २५६ बिटांचा ठसा मिळतो. एक ठिपका बदलला तरी ठसा पार बदलतो. मात्र हा ठसा स्कॅन झालेल्या फाइलचा असतो. १७.४२ चे १४.१३ आधीच झाले असतील, तर तो १४.१३ चीच राखण करतो. म्हणून आकड्यांची पानं मूळ कागद शेजारी ठेवून ताडून पाहायची असतात, आणि तीही ठसा घेण्यापूर्वी, गठ्ठा अजून टेबलावर असताना.