कुत्र्याचा डोळा लाल झालाय? घरातला ड्रॉप घालण्याआधी हे वाचा

"डॉक्टर, डोळ्याचा फोटो टाकलाय, ड्रॉप सांगा." सांगली-मिरजेच्या पेशंटांकडून असे मेसेज आम्हाला सतत येतात. फोटोवरून आम्ही ड्रॉप सांगत नाही, कुत्र्याला घेऊन या म्हणतो. बरेच जण त्यावर नाराज होतात, म्हणून कारण लिहितोय.

सकाळी कोपऱ्यात थोडी चिपडं असतील, तर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं पुसा, एवढं पुरे. पण कुत्रा एक डोळा मिटून बसत असेल, पंजानं चोळत असेल, पाणी गळत असेल किंवा बुबुळावर निळसर-पांढरी झाक आली असेल, तर त्याच दिवशी दाखवा. रोज घट्ट, चिकट घाण येत असेल, तर बऱ्याचदा डोळ्यातलं पाणी कमी झालेलं असतं. तेही तपासून घ्या.

आता मुख्य गोष्ट. घरात कुणाचे तरी डोळे आलेले असतात, आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असतं, त्यातली बाटली उरलेली असते. तीच कुत्र्याला घातली जाते. अशा ड्रॉपमध्ये बऱ्याचदा डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड असतं. आपल्याकडे कुत्री उसात शिरतात, बांधावरच्या गवतात तोंड घालतात. पातीचा चरा जातो, कुसळ अडकतं. अशा जखमेवर स्टेरॉइड पडलं की जखम भरायची थांबते, जंतुसंसर्ग वाढतो आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला भोक पडू शकतं. फसवणूक अशी, की लाली दोन दिवस कमी दिसते आणि मालकाला वाटतं, गुण आला. मग कुत्रा आमच्याकडे येतो तेव्हा आठवड्याच्या उपचाराचं काम महिन्यावर गेलेलं असतं. दूध, मध, गुलाबपाणीही घालू नका.

म्हणून आम्ही आधी फ्लुरेसिन नावाच्या रंगद्रव्याची नारिंगी पट्टी ओली करून डोळ्याला लावतो. निळ्या प्रकाशात जखमेची जागा हिरवी चमकते. काही मिनिटांचं काम आहे, दुखत नाही. "लाल डोळ्याला टेस्ट कशाला?" असं विचारणाऱ्यांना आम्ही तो हिरवा डाग दाखवतो. वरवरची जखम योग्य औषधानं साधारण आठवड्यात भरते, पण डोळा चोळता येऊ नये म्हणून गळ्यात घातलेली शंकूसारखी कॉलर काढायची नाही. बिचारा अवघडतो म्हणून रात्री कॉलर काढली, की एका चोळण्यात सगळं वाया जातं.

पग, शिह त्झू या जातींच्या कुत्र्यांचे डोळे आधीच बाहेर असतात. भांडणात डोळा बाहेर आला, तर आत ढकलू नका. सलाइननं भिजवलेलं स्वच्छ कापड धरा आणि तडक निघा.

कॉलर सगळ्या मापांच्या आमच्याकडे मिळतात, ड्रॉप कसा घालायचा ते पहिल्यांदा आम्ही करून दाखवतो. येताना, आधी घरी काही घातलं असेल, तर ती बाटली सोबत आणा. कुणी रागावणार नाही.