ओढली की घट्ट होणारी पिशवी

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात भाजी घेतली की कुरकुर वाजणारी ती पातळ कॅरीबॅग हातात येतेच. 2018 पासून बंदी आहे, हे विकणाऱ्यालाही माहीत असतं. आलीच आहे तर तिच्यातून दोन बोटं रुंदीची पट्टी कापा, दोन्ही टोकं धरा आणि सावकाश ओढा. लगेच फाटली तर दुसरी पट्टी आडवी कापून बघा.

सुरुवातीला काहीच होत नाही. मग एका जागी पट्टी कमरेत बारीक होते. लोखंडी सळई अशी बारीक झाली की तिथंच तुटते. आपली पट्टी मात्र तुटत नाही. ती कंबर दोन्हीकडं सरकत जाते आणि जाड भाग आपल्यात ओढून घेते. सगळी पट्टी पातळ झाली की ती एकदम अडते, बोटाला काचायला लागते. पातळ झालेली वस्तू जास्त चिवट कशी?

गुऱ्हाळात काहिलीतला पाक निवतो तेव्हा साखरेचे रेणू रांगेत बसून कण धरतात. ते लहान असतात, त्यांना जागा सापडते. आपली पिशवी पॉलिथिनची, आणि पॉलिथिनचा रेणू म्हणजे हजारो कार्बन अणूंची साखळी. वितळलेल्या पॉलिथिनमध्ये या साखळ्या शिजलेल्या शेवयांसारख्या गुंतलेल्या असतात. निवताना त्या सरळ व्हायच्या कशा? 1957 मध्ये ब्रिस्टल विद्यापीठात अँड्र्यू केलर यांनी पॉलिथिनचे स्फटिक इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. ते पापुद्र्यांसारखे होते, जाडी जेमतेम 10 नॅनोमीटर, आणि साखळ्या त्यांत उभ्या. साखळी तर त्याच्या कितीतरी पट लांब! म्हणजे ती साडीच्या निऱ्यांसारखी पुन्हा पुन्हा दुमडत असणार. पिशवीत अशा निऱ्यांचे पापुद्रे असतात आणि मधे न बसलेला गुंता.

ओढताना या निऱ्या सुटतात. पापुद्रे तुकड्या-तुकड्यांनी मोडतात आणि साखळ्या ओढीच्या दिशेनं सरळ होतात. आता ताण येतो तो थेट कार्बन-कार्बन बंधांवर, आणि ते फार दणकट. क्ष-किरण टाकले तर न ओढलेल्या फिल्मची पूर्ण वर्तुळं दिसतात. ओढत गेलं की वर्तुळांच्या कमानी उरतात, म्हणजे साखळ्या एका दिशेला लागल्या. संशोधक हे ओढता ओढताच टिपतात. दुसऱ्या दिशेनं मात्र ही पट्टी दुबळी होते, नखानं उभी चिरते. तुमची पहिली पट्टी फाटली असेल, तर कारखान्यात पिशवी बनतानाच तिकडची ओढ होऊन गेली होती.

भडंगाच्या पुड्याला अशी एकतर्फी ताकद चालत नाही. त्याची पॉलिप्रॉपिलिनची फिल्म लांबीत सुमारे 5 पट आणि रुंदीत 8-9 पट ताणतात. जेवणाचा दुधी रंगाचा प्लास्टिकचा डबाही पॉलिप्रॉपिलिनचाच असतो. त्यातले मोठे स्फटिक प्रकाश विखुरतात. फिल्म आधी झटकन थंड करून स्फटिक बारीक ठेवतात, म्हणून ती काचेसारखी. खरी मेख तापमानात आहे. पॉलिप्रॉपिलिन 160 अंश सेल्सिअसच्या पुढं वितळतं. त्याच्या थोडं खाली ताणायचं: गार राहिली तर फाटते, तापली तर वितळते. गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी बघतो, तितकंच हे नाजूक.

आता ती ताणलेली पट्टी उकळत्या पाण्यात टाका. वेडीवाकडी होत ती थोडी आखडते. मधल्या गुंत्यातल्या ताणलेल्या साखळ्यांना ऊब मिळताच पुन्हा गोळा व्हायचं असतं. पाण्याच्या बाटल्यांच्या गठ्ठ्यावर गरम हवेनं घट्ट बसणारं ते प्लास्टिक याच खोडीवर चालतं.