लिफ्टचं तेल उन्हानं उकळत नाही

कापसाची उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, झाली, पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर गेल्या की विदर्भात खोल नांगरटीचे दिवस येतात. एप्रिल-मे महिन्यात यवतमाळ, अकोला, वर्धा, कुठल्याही भागात ट्रॅक्टरच्या गॅरेजात एक तक्रार हमखास ऐकू येते. सकाळी लिफ्ट, म्हणजे तेलाच्या दाबानं नांगर वर-खाली करणारी ट्रॅक्टरची यंत्रणा, छान चालते, दुपारी मात्र नांगर उचलताना अडते. उचललाच तर तो हळूहळू खाली बसतो आणि मागच्या हाऊसिंगला, म्हणजे गिअरबॉक्सच्या लोखंडी खोक्याला, हात लावता येत नाही. निदान ठरलेलं असतं: "ऊनच लय हाय ना भाऊ, तेल तापनच." मग ट्रॅक्टर कडुलिंबाखाली उभा राहतो, तेल निवतं, लिफ्ट पुन्हा चालते आणि निदान बरोबर होतं असं सगळ्यांना वाटतं.

पण 45 अंशांची हवा तेलाला 90 अंशांपर्यंत नेऊच शकत नाही. उन्हातला पत्रा साठीच्या पुढे जाईलही, पण गिअरबॉक्सच्या पोटातलं 40 लिटर तेल तेवढं तापायला उष्णता आतच तयार व्हावी लागते. ती कुठे तयार होते हे कळलं की बिघाड निम्मा सापडला.

शाळेत पास्कलचा नियम सगळेच शिकतो: बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो. लिफ्ट त्याच नियमावर चालते. पण हा नियम स्थिर द्रवाचा आहे. तेल वाहू लागलं की दुसरा हिशेब सुरू होतो, आणि मला तोच जास्त आवडतो. तेल जास्त दाबाच्या जागेतून कमी दाबाच्या जागेत गेलं आणि वाटेत त्यानं काहीही उचललं, ढकललं किंवा फिरवलं नाही, तर दाबात साठलेली सगळी ऊर्जा उष्णता होते. थोडी नाही, सगळी. जेम्स जूलनं 1840 च्या दशकात खाली येणाऱ्या वजनांनी पाण्यातली पाती फिरवून हाच हिशेब मांडला होता. 1 किलोचं वजन सुमारे 427 मीटर खाली आलं, तर त्या ऊर्जेनं 1 किलो पाणी 1 अंशानं तापतं.

आता हा हिशेब ट्रॅक्टरला लावून पाहू. मिनिटाला 30 लिटर तेल देणारा पंप आणि 180 बारला उघडणारा रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे दाब फार वाढला की तेलाला टाकीकडे वाट देणारी झडप, धरा. 1 बार म्हणजे जवळपास हवेच्या दाबाएवढा दाब. बार गुणिले लिटर भागिले 600 केलं की किलोवॅट मिळतात: 30 गुणिले 180 भागिले 600, म्हणजे 9 किलोवॅट. आंघोळीच्या पाण्याचे 2 किलोवॅटचे साडेचार गिझर एकदम चालू केल्यावर जेवढी उष्णता निघेल, तेवढी या बोटभर व्हॉल्व्हमधून निघते. तिथून जाणारं तेल प्रत्येक फेरीत सुमारे 11 अंशांनी तापतं. टाकीत, म्हणजे गिअरबॉक्सच्या पोटात, 40 लिटर तेल असेल तर मिनिटाला 8 अंश. लोखंडी हाऊसिंग त्यातली बरीच उष्णता शोषून घेतं म्हणून प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, इतकंच.

याच्या शेजारी खरं काम ठेवून बघा. 400 किलोचा नांगर 60 सेंटिमीटर उचलायला साधारण 2,350 जूल ऊर्जा लागते. रिलीफ व्हॉल्व्ह तेवढी ऊर्जा पाव सेकंदात उष्णता करून टाकतो. ट्रॉली उचलणारा दांडा, म्हणजे रॅम, पूर्ण वर गेल्यावरही लिव्हर 10 सेकंद ओढून धरला, तर जवळपास 40 वेळा नांगर उचलण्याएवढी ऊर्जा नुसती तेल तापवण्यात गेली. डिझेल जळलं ते वेगळंच.

म्हणून तेल तापत असेल तर पहिला प्रश्न हा विचारायचा: कुठलंही काम न करता तेलाचा दाब कुठे पडतोय?

याचं उत्तर बहुतेक वेळा कानाला मिळतं. लिफ्ट पूर्ण वर नेऊन ऐका. नांगर वर पोहोचल्यावर पंपाचा आवाज हलका व्हायला हवा, कारण त्यानंतर तेलानं दाबाशिवाय टाकीत परत जायचं असतं. आवाज जड राहिला किंवा बारीक शिट्टी वाजत राहिली, तर लिव्हरची लिंकेज, म्हणजे त्याला व्हॉल्व्हशी जोडणारे दांडे, झिजली आहे किंवा सेटिंग चुकलं आहे, आणि रिलीफ व्हॉल्व्ह सतत उघडा राहतोय. दुसरी संशयित जागा म्हणजे पलटी नांगराचे किंवा ट्रॉलीचे होज जिथे जोडतात ते कपलर. कपलर अर्धवट बसला की आतली गोळी वाट अडवते. बाहेरून सगळं जोडलेलं दिसतं आणि तेल दिवसभर त्या फटीतून घासत जातं. हे फार वेळा घडतं आणि फार कमी वेळा तपासलं जातं.

आता उन्हाचं बघू, कारण त्याचाही वाटा आहे, फक्त तो वेगळ्या बाजूनं येतो. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअर, ब्रेक आणि लिफ्ट यांचं तेल एकच असतं आणि वेगळा ऑइल कूलर नसतो. हाऊसिंगच हवेला उष्णता देतं. किती देतं, हे तेल आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. 30 अंशांच्या हवेत तेल 80 वर स्थिरावत असेल, तर 45 अंशांच्या हवेत तेवढीच उष्णता बाहेर टाकायला ते 95 वर जातं. हाऊसिंगवर काळ्या मातीचा वाळलेला थर आणि काडीकचरा बसला असेल तर त्याहून वर. खरा घोळ इथून पुढे होतो.

तेल तापलं की पातळ होतं. 68 ग्रेडच्या साध्या हायड्रॉलिक ऑइलची श्यानता, म्हणजे वाहण्याला असलेला विरोध, 40 अंशांना 68 सेंटिस्टोक असते. 100 अंशांना ती नऊच्या आसपास उरते. पंपाचे गिअर आणि त्याची बॉडी यांच्यात काही मायक्रॉनची (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची) फट असते. त्या फटीतून मागे गळणारं तेल श्यानतेच्या व्यस्त प्रमाणात आणि फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. झिजून फट दुप्पट झाली तर गळती आठपट. त्यात तेल गरम होऊन श्यानता निम्मी झाली तर सोळापट. ही गळती म्हणजेसुद्धा काम न करता पडलेला दाब, म्हणून तीही उष्णताच देते. तेल आणखी तापतं, आणखी पातळ होतं, आणखी गळतं. सकाळी धडधाकट दिसणारा पंप दुपारी बसतो तो या चक्रानं. कडुलिंबाच्या सावलीत चक्र थांबतं, पण रुंदावलेली फट तशीच राहते.

बंपरला लिंबू-मिरची बांधली म्हणून यातला एक मायक्रॉनही कमी होत नाही. "नजर लागली" म्हणून दोन-तीन दिवस काढले, तर तेवढे दिवस सील गरम तेलात शिजत राहतात. साधारण 80 अंशांच्या पुढे तेल आणि रबर दोन्ही झपाट्यानं म्हातारे होतात. दर 10 अंशांना तेलाचं आयुष्य अंदाजे निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. तेलात मिसळायच्या, तापमान उतरवण्याचा दावा करणाऱ्या बाटल्यांबद्दलही माझं मत स्पष्ट आहे. कपलरची अडकलेली गोळी बाटलीनं सुटत नाही. कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचं तेल घ्या आणि ते पैसे वाचवा.

डिपस्टिक मात्र बघाच. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो, फेस होतो, दाबलेले बुडबुडे तापतात. तेल खुणेच्या वर असेल तर गिअर ते घुसळून तापवतात. तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. पंप तेल ओढतो तिथली, म्हणजे सक्शनची, जाळी क्लच आणि गिअरच्या चुऱ्यानं भरली असेल तर पंप उपाशी राहतो आणि ओरडतो.

गरम जागा शोधायला लांबून तापमान दाखवणारी गन मिळते. चकचकीत धातूवर ती कमी आकडा दाखवते, म्हणून मळक्या किंवा रंगवलेल्या भागावर धरा. एखाद्या व्हॉल्व्हच्या पुढचा पाईप मागच्यापेक्षा 8-10 अंशांनी गरम असेल, तर चोर तिथेच आहे. हातानं चाचपू नका. होजला सुईएवढं भोक असेल तर 180 बारचं तेल कातडीतून आत घुसतं, वरून फक्त टाचणी टोचल्यासारखं दिसतं, आणि हात गमवायची वेळ येऊ शकते. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच मोठ्या दवाखान्यात जा. गळती शोधायची तर पुठ्ठा फिरवून, आणि काहीही खोलण्याआधी नांगर जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून, लिव्हर हलवून दाब सोडून.

एवढं करूनही तेल तापतच राहिलं, तर संशय पंपावर. तो तपासताना मिस्त्रीला एकच आग्रह धरा: दाब मोजायचं गेज तेल गरम असताना लावा, तासभर नांगरट झाल्यावर. सकाळच्या थंड, जाड तेलात झिजलेला पंपही पूर्ण दाब दाखवतो, आणि नवा पंप बसवायचा की नुसता कपलर बदलायचा हे त्या आकड्यावरून ठरवता येत नाही.