वातावरणातील वायू आणि वायुकलिले : जलवायुमानावरील परिणाम

वातावरणातील काही वायू आणि हवेत तरंगणारे घन वा द्रव सूक्ष्मकण सूर्याकडून येणारे व पृथ्वीवरून परत जाणारे प्रारण, म्हणजे प्रकाश वा उष्णतेच्या रूपात पसरणारी ऊर्जा, वाटेत अडवतात, वळवतात किंवा शोषून घेतात. त्यामुळे पृथ्वीचे तापमान, ढग आणि पाऊस यांत जे दीर्घकालीन बदल होतात, ते या नोंदीचा विषय आहेत. असे कण तरंगत असलेल्या हवेला वायुकलिल म्हणतात. व्यवहारात नुसत्या कणांनाही वायुकलिले किंवा सरळ एरोसॉल म्हटले जाते. मराठीत ‘हवामान’ हा शब्द आजच्या उकाड्यालाही चालतो आणि तीस वर्षांच्या सरासरीलाही. येथे अभिप्रेत आहे ती सरासरी, म्हणजे जलवायुमान.

कोरड्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन आणि ०.९ टक्के आर्गॉन असतो. म्हणजे जवळजवळ सगळी हवा या तिघांचीच, पण उष्णता अडवण्यात त्यांचा वाटा नगण्य. तापलेली जमीन अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे, प्रारण बाहेर टाकते. ते शोषण्यासाठी रेणू कंप पावताना त्यातील विद्युतभाराचा तोल बदलावा लागतो. दोन सारख्या अणूंच्या रेणूत तसे होत नाही. बाष्प, कार्बन डायऑक्साइड, मिथेन यांचे तीन वा अधिक अणूंचे रेणू मात्र वाकतात, ताणले जातात आणि ठराविक तरंगलांबीचे प्रारण पकडतात. कार्बन डायऑक्साइडचा मुख्य पट्टा १५ मायक्रोमीटरच्या (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास, म्हणजे पृथ्वी सर्वाधिक जोमाने प्रारण टाकते त्याच भागात येतो. पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे १५ अंश सेल्सिअस आहे. हे वायू नसते तर ते उणे १८ अंशांच्या आसपास राहिले असते.

या क्रियेला हरितगृह परिणाम म्हणतात. नाव रूढ झाले आहे, पण नेमके नाही. काचघर तापते ते मुख्यतः आतली गरम हवा वर निसटू शकत नाही म्हणून. वातावरणात हवा मोकळेपणी वर जाते. अडते ते प्रारण. गोधडीची उपमा त्यातल्या त्यात जवळची, तरी तीही अर्धीच. अवरक्त प्रारण अवकाशात शेवटी सुटते ते जमिनीवरून कमी आणि काही किलोमीटर उंचीवरच्या थंड हवेतून जास्त. वायूंचे प्रमाण वाढले की ही सुटकेची पातळी आणखी वर, आणखी थंड थरात सरकते. थंड थर कमी प्रारण टाकतो, येणाऱ्या व जाणाऱ्या ऊर्जेचा हिशेब जुळेपर्यंत खालचे सगळे तापत राहते. त्याच वेळी वरचे स्थितांबर, म्हणजे ढग-पावसाच्या थराच्या वरचा थर, मात्र थंड होते. सूर्यच प्रखर झाला असता तर दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षात खाली ताप आणि वर गारवा मोजला गेला आहे, आणि तापवाढीमागे वायू आहेत हे ओळखण्याची ती ठळक खूण आहे.

अमेरिकेच्या युनिस फूट यांनी १८५६ मध्ये काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून ती उन्हात ठेवली. कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे सर्वांत जास्त तापले आणि निवायलाही सर्वांत जास्त वेळ लागला. अशा वायूचे वातावरण पृथ्वीला अधिक ऊब देईल, असे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवले होते. अवरक्त प्रारणाचे थेट मोजमाप १८५९ पासून जॉन टिंडल यांनी केले, आणि कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान किती वाढेल याचे पहिले गणित १८९६ मध्ये स्वांते अऱ्हेनियस यांनी हाताने मांडले. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआ पर्वतावर सलग मोजणी सुरू केली, तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे ३१५ भाग होते. २०२४ ची सरासरी ४२० च्या वर गेली आहे. ध्रुवीय बर्फात अडकलेल्या बुडबुड्यांवरून औद्योगिक काळापूर्वीचा आकडा सुमारे २८० येतो. कीलिंग यांचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो: उत्तर गोलार्धात झाडे पालवली की तो उतरतो, पाने कुजू लागली की चढतो, आणि प्रत्येक दाता मागच्यापेक्षा उंच असतो.

उष्णता अडवण्यात सर्वांत मोठा वाटा बाष्पाचा आहे. हिवाळ्यात नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला पारा एकदम खाली येतो, द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात; त्याच रात्री कोकण किनाऱ्यावर पांघरूणही नकोसे होते. समुद्राचा शेजार हे एक कारण झाले. दुसरे असे की निफाडच्या कोरड्या, निरभ्र हवेतून जमिनीची उष्णता रातोरात निसटते आणि किनाऱ्यावरचे बाष्प ती धरून ठेवते. तरीही तापवाढीची सुरुवात बाष्प करत नाही. जास्तीचे बाष्प आठवडा-दीड आठवड्यात पाऊस होऊन पडून जाते. हवा एका अंशाने तापली तर मात्र ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प सामावू शकते. दुसऱ्याने लावलेली आग ते वाढवते.

मिथेन भातखाचरांतून, रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातून, कचऱ्याच्या डोंगरांतून आणि नैसर्गिक वायूच्या गळतीतून येतो. तो साधारण बारा वर्षे टिकतो, पण वीस वर्षांच्या हिशेबात वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट तापवतो. शेतात टाकलेल्या नत्रखतांतून निघणारा नायट्रस ऑक्साइड शंभराहून अधिक वर्षे राहतो. पूर्वी शीतकरणात वापरले जाणारे क्लोरोफ्लुओरोकार्बन वायूही प्रबळ हरितगृह वायू आहेत, हे वीरभद्रन रामनाथन यांनी १९७५ मध्ये दाखवले. त्यामुळे ओझोन वाचवण्यासाठी १९८७ मध्ये झालेल्या माँट्रियल कराराने तापवाढही बरीच रोखली, जरी करार त्यासाठी झालेला नव्हता.

कणांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. कौलारू घरात दुपारी कवडसा पडला की त्यात नाचताना दिसतात ती धुळीची मोठी कुसळे. जलवायुमानाच्या दृष्टीने महत्त्वाचे कण बहुधा एक मायक्रोमीटरहून लहान, केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाइतके असतात. समुद्राचे मीठ, वाळवंटाची धूळ, ज्वालामुखींचे व दगडी कोळशाच्या धुराचे सल्फेट (गंधकयुक्त वायूपासून झालेले कण), चुलीची, डिझेलची आणि वणव्यांची काजळी हे त्यांचे मुख्य प्रकार. यातले बहुतेक सूर्यप्रकाश विखुरतात आणि काही भाग अवकाशात परत पाठवतात, म्हणजे जमीन थंड ठेवतात. काजळी उलट वागते. ती प्रकाश शोषून आसपासची हवा तापवते, आणि हिमालयातल्या बर्फावर बसली की बर्फाचा रंग मळवून तो लवकर वितळवते.

कणांचे काम एकदम आणि मोठ्या प्रमाणावर पाहायला मिळाले ते १५ जून १९९१ रोजी. फिलिपीन्समधील पिनातुबो ज्वालामुखीने दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड स्थितांबरात फेकला. तेथे पाऊस नसल्याने त्यापासून झालेले सल्फेटचे कण लवकर धुऊन गेले नाहीत. पुढच्या वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले आणि कण खाली बसल्यावर पुन्हा वर चढले. हेच मुद्दाम करावे का, हा प्रश्न रसायनशास्त्राचे नोबेल मिळवलेल्या पॉल क्रुटझेन यांनी २००६ मध्ये उघडपणे चर्चेला आणला. त्यावरचा वाद मिटलेला नाही.

ढगांवरचा परिणाम घरीही पाहता येतो. प्लॅस्टिकच्या पारदर्शक बाटलीत थोडे कोमट पाणी घालून, झाकण लावून ती दाबावी आणि सोडावी. आत फारसे काही दिसत नाही. मग विझवलेल्या काडीचा किंवा उदबत्तीचा थोडा धूर आत घेऊन तेच करावे. सोडताक्षणी बाटलीत पांढरे धुके भरते, दाबले की नाहीसे होते. बाष्पाला थेंब व्हायला बसायची जागा लागते, आणि ती कण पुरवतात. फ्रान्सच्या कुलिए यांनी १८७५ मध्ये आणि नंतर स्कॉटलंडच्या जॉन एटकिन यांनी याच धर्तीचे प्रयोग केले होते.

कण जास्त झाले की तेवढेच पाणी अधिक थेंबांत वाटले जाते. खडीसाखरेचा खडा अर्धपारदर्शक असतो, तोच कुटून पिठी केली की शुभ्र दिसते, ढगाचेही तसेच. बारीक थेंबांचा ढग अधिक पांढरा होतो आणि अधिक ऊन परत पाठवतो. शॉन टूमी यांनी १९७४ मध्ये हे मांडले, म्हणून त्याला टूमी परिणाम म्हणतात. समुद्रावरच्या ढगांत जहाजांच्या मागे उमटणाऱ्या लांबलचक पांढऱ्या रेघा उपग्रहचित्रांत दिसतात, त्या याच्याच. जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा १ जानेवारी २०२० पासून ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणली गेली आणि या रेघा विरळ झाल्या. बारीक थेंबांचा आणखी एक गुण असा की ते सहज पडत नाहीत. पावसाचा एक थेंब व्हायला ढगातले सुमारे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. सगळेच फार बारीक असले तर त्यांची गाठ पडायला वेळ लागतो. म्हणून दाट धुरकट हवेत ढग दिसतात, पण बरसायला उशीर करतात.

भारतात हा अभ्यास ठळकपणे पुढे आला तो १९९९ च्या हिंदी महासागर प्रयोगातून. रामनाथन, क्रुटझेन आणि ए. पी. मित्रा यांच्या पुढाकाराने झालेल्या या मोहिमेत हिवाळ्यात अरबी समुद्र व बंगालच्या उपसागरावर सुमारे तीन किलोमीटर उंचीपर्यंतचा तपकिरी धुरकटपणा नोंदवला गेला. पाण्यापर्यंत पोहोचणारे ऊन त्याने लक्षणीय घटवले होते. मोसमी वारे जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातील फरकावर चालतात. जमिनीवर कणांची सावली पडली की तो फरक कमी होतो, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोसमी पाऊस घटण्यामागे हे एक महत्त्वाचे कारण असल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संगणकी प्रतिमानांवर आधारित अभ्यासाने दाखवले. दुसरीकडे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांच्या २०१७ च्या अभ्यासानुसार १९५० पासून मध्य भारतात विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. एकूण पाऊस कमी आणि मुसळधार पाऊस जास्त, हे ऐकायला विसंगत वाटते. पण कण ऊन कमी करतात आणि वायू हवेतले बाष्प वाढवतात, हे दोन्ही एकाच आकाशात चालू असते. याच संस्थेची महाबळेश्वर येथे ढगांच्या भौतिकीची प्रयोगशाळा आहे. पावसाळ्यात तेथे ढगच जमिनीवर टेकत असल्याने विमान न उडवताही ढगातले थेंब आणि कण मोजता येतात.

या सगळ्यांची बेरीज ऊर्जेच्या हिशेबात, दर चौरस मीटरला किती वॅट, अशी मांडतात. आंतरशासकीय हवामानबदल मंडळाच्या (आयपीसीसी) २०२१ च्या अहवालानुसार १७५० ते २०१९ या काळात कार्बन डायऑक्साइडने २.१६ आणि मिथेनने ०.५४ वॅटची भर घातली. वायुकलिलांनी सुमारे १.१ वॅट वजा केले. मात्र ही वजाबाकी ०.४ ते १.७ यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. वायू जगभर सारखे मिसळतात, एका पर्वतावर मोजले तरी चालते. कण एका गावावर दाट आणि पलीकडच्या खोऱ्यात विरळ असतात, रोज बदलतात, आणि ढगांत शिरल्यावर त्यांचा माग काढणे कठीण होते. वायूंनी केलेल्या तापवाढीचा काही भाग कणांनी झाकून ठेवला आहे, एवढे नक्की. किती झाकला आहे, हे सांगताना मोठी फट राहते.

म्हणून हवा स्वच्छ होते तेव्हा थोडी जास्तीची तापवाढ उघडी पडते. यावरून धूर राहू द्यावा असे कोणी सुचवले तर ते भलतेच ठरेल, कारण हेच कण फुप्फुसांत जातात आणि दरवर्षी लाखो लोकांचा अकाली बळी घेतात. अडचण खरी आहे ती टिकण्याच्या काळाची. कोळशाच्या एकाच धुराड्यातून सल्फेट आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही बाहेर पडतात. पहिला आठवड्या-दोन आठवड्यांत पावसाबरोबर खाली येतो, दुसऱ्याचा काही भाग हजार वर्षांनंतरही हवेत असतो. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीने कारखाने आणि वाहने थांबली, तेव्हा पंजाबातल्या जालंधरच्या गच्चीवरून धौलाधारची हिमशिखरे अनेक वर्षांनी प्रथमच दिसली. पुढच्याच महिन्यात मौना लोआवर कार्बन डायऑक्साइडची मासिक सरासरी ४१७ भागांवर पोहोचली. तोपर्यंत तेथे नोंदलेला तो सर्वांत मोठा आकडा होता.