निबंध लिहिताना मुलाच्या डोक्यात काय चालते

फळ्यावर ‘पावसाळ्यातील एक दिवस’ असा विषय लिहिला, की सहावी-सातवीच्या वर्गातली बहुतेक मुले मिनिटभरात लिहायला लागतात. सात-आठ ओळी भरभर उतरतात, ‘अशा प्रकारे आम्ही खूप मजा केली’ हे वाक्य येते आणि पेन थांबते. शिक्षकांना खटकते ते थांबणे. संशोधकांचे लक्ष मात्र सुरुवातीकडे गेले. इतक्या लवकर लिहू लागणारे मूल विचार कधी करते?

टोरांटोमधील कार्ल बेराइटर आणि मार्लिन स्कार्डामालिया यांनी या प्रश्नाचा अनेक वर्षे माग काढला आणि १९८७ मध्ये आपली मांडणी सविस्तर प्रसिद्ध केली. त्यांच्या मते नवशिकी मुले लिहिताना ‘माहिती सांगतात’. विषय ऐकला की त्याच्याशी जोडलेले जे पहिल्यांदा आठवेल ते कागदावर येते. लिहिलेले वाक्य पुढच्या वाक्याची आठवण करून देते, आठवणी संपल्या की निबंध संपतो. मुरलेला लेखक वेगळे काम करतो. मला काय म्हणायचे आहे, हे वाचणाऱ्याला आधीच काय ठाऊक आहे, यातले काय गाळायचे, असे प्रश्न तो सतत स्वतःला विचारतो आणि त्या ओघात त्याचा विचारही बदलतो.

या दोघांच्या गटाने केलेली एक तपासणी मला फार महत्त्वाची वाटते. मुलांनी ‘झालं’ म्हणून कागद पुढे केला की त्यांना फक्त एवढेच सांगायचे: अजून थोडे लिही. विषयाबद्दल कसलीही नवी माहिती द्यायची नाही. तरीही मुले आणखी बरेच लिहित. म्हणजे सांगण्यासारखे त्यांच्याकडे होते. बोलताना समोरचा माणूस ‘मग?’, ‘म्हणजे कसं?’ असे विचारत राहतो आणि पुढची गोष्ट बाहेर ओढतो. कागद काहीच विचारत नाही. ‘याला काही सुचतच नाही’ हा शेरा म्हणूनच बहुतेक वेळा चुकीचा असतो. सुचलेले बाहेर काढणारा ‘मग?’ अजून त्या मुलाच्या आत तयार झालेला नसतो, आणि तो तयार करणे हेच लेखन शिकवण्याचे खरे काम आहे.

पण तो लगेच का तयार होत नाही? इथे कार्यकारी स्मृतीचा संबंध येतो. एखादी गोष्ट करत असताना लागणारी माहिती मेंदू ज्या तात्पुरत्या जागेत धरून ठेवतो ती ही स्मृती, आणि तिची क्षमता फारच मर्यादित आहे. फ्रान्समधील बेआत्रिस बुर्दँ आणि मिशेल फायोल यांनी १९९४ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. शब्दांची यादी ऐकवायची, मग ती आठवून तोंडी सांगायला किंवा लिहायला सांगायचे. प्राथमिक शाळेतल्या मुलांना लिहिताना कमी शब्द आठवले. प्रौढांमध्ये तसा फरक दिसला नाही. मग प्रौढांना सवय नसलेल्या वळणाची कॅपिटल अक्षरे काढून लिहायला लावले, तेव्हा त्यांचीही आठवण घसरली. हाताला अक्षर वळवण्यासाठी लागणारे लक्ष थेट स्मृतीतून वजा होत होते.

हे आपल्या वर्गात आणून पाहा. ‘स्फूर्ती’ हा शब्द लिहिणाऱ्या मुलाला जोडाक्षर आठवायचे आहे, उकार दीर्घ की ऱ्हस्व ते ठरवायचे आहे, रफार योग्य जागी द्यायचा आहे, आणि त्याच वेळी वाक्य कुठे चालले होते तेही विसरायचे नाही. घरी अहिराणी, कोरकू किंवा गोरमाटी बोलणाऱ्या मुलाला यावर प्रमाण मराठीतला शब्दही शोधावा लागतो. आधी सगळे तोंडी सांगू द्यावे, मग लिहू द्यावे, आणि पहिल्या खर्ड्यात शुद्धलेखनाला हातही लावू नये, हे मी आग्रहाने म्हणतो त्याचे कारण हेच. शुद्धलेखन नंतर येऊ द्या. दोन्ही ओझी एकदम दिली की मूल सोपी सुटका शोधते आणि लिहिता येणारेच शब्द वापरते.

आता काय केल्याने फरक पडतो ते पाहू. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी कॉर्पोरेशनसाठी चौथी ते बारावीच्या मुलांवरील अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र केले. अशा एकत्रित अभ्यासात प्रत्येक पद्धतीचा परिणाम एका आकड्यात मांडतात. ढोबळमानाने ०.२ म्हणजे लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा. लिहिण्याची रीत पायरीपायरीने शिकवण्याचा आकडा आला ०.८२, सारांश लिहायला शिकवण्याचाही ०.८२. मुलांनी एकमेकांसोबत लिहिणे ०.७५. चांगले नमुने अभ्यासण्याचा ०.२५, म्हणजे लहान पण उपयोगी. गाईडमधला निबंध पाठ करणे हा मात्र नमुन्याचा अभ्यास नव्हे. तिथे मूल लेखकाने घेतलेला एकही निर्णय उलगडून पाहत नाही.

सुट्या व्याकरणाच्या तासांचा आकडा होता उणे ०.३२, म्हणजे ती मुले लेखनात इतरांपेक्षा मागे पडली. तो वाचून व्याकरण फेकून द्यायची घाई नको. त्या प्रयोगांपैकी बऱ्याच ठिकाणी व्याकरणाचा वर्ग हा नुसता तुलनेसाठी ठेवलेला गट होता, तिथे ते मनापासून शिकवले जात होतेच असे नाही. एवढे मात्र नक्की म्हणता येते, की ‘कर्मणी प्रयोग ओळखा’ हे येणाऱ्या मुलाला त्यामुळेच चांगला परिच्छेद लिहिता येईल ही अपेक्षा टिकत नाही.

व्याकरण लेखनाच्या कामी कसे लावायचे याचे उत्तम उत्तर वाक्यजोडणीत आहे. फ्रँक ओ’हेअर यांनी फ्लोरिडातील सातवीच्या मुलांना व्याकरणाच्या संज्ञा न शिकवता फक्त छोटी वाक्ये जोडून मोठी करायचा सराव दिला. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात या मुलांची वाक्ये अधिक प्रगल्भ झाली, आणि एकूण लेखनही सरस ठरले. ग्रॅहम आणि पेरिन यांच्याकडे या पद्धतीचा आकडा ०.५० आहे.

मराठीत तर हा सराव फार रंगतो. चार वाक्ये घ्या: गण्या रानात गेला. रानात पाऊस आला. गण्याकडे छत्री नव्हती. गण्या आंब्याखाली थांबला. एक मूल लिहील, ‘रानात गेलेल्या गण्याला पावसाने गाठले आणि छत्री नसल्याने तो आंब्याखाली थांबला.’ दुसरे लिहील, ‘गण्या ज्या आंब्याखाली थांबला, तिथेही पाऊस आलाच.’ तिसरे ‘रानात जाऊन’ असे सुरू करेल आणि कर्ता बदलल्यावर अडखळेल: ‘गण्या रानात जाऊन पाऊस आला’ हे कानाला खटकते. का खटकते यावर वर्गात पाच मिनिटे वाद होऊ द्या. ‘-ऊन’ लावलेल्या क्रियेचा आणि मुख्य क्रियेचा कर्ता सहसा एकच असावा लागतो, हे मुले स्वतःच शोधतात. पहिल्या वाक्यात भर गण्यावर आहे, दुसऱ्यात आंब्यावर, हेही त्यांना दिसते. एकच घटना किती तऱ्हांनी सांगता येते हे कळणे म्हणजे निवड करायला शिकणे, आणि जोडणी हाताला बसली की कार्यकारी स्मृतीतली थोडी जागा आशयासाठी मोकळी होते.

आराखड्याचेही असेच. आपल्याकडे ‘मुद्द्यांवरून गोष्ट लिहा’ हा जुना आणि चांगला प्रकार आहे, पण त्यात सगळ्यात अवघड काम, म्हणजे मुद्दे ठरवणे, पुस्तकानेच केलेले असते. हा आधार हळूहळू काढायला हवा. पाच मुद्द्यांतले दोन पुसा. पुढच्या वेळी फक्त शेवटचा मुद्दा द्या. मग एकही नको. त्याआधी शिक्षकाने एकदा तरी वर्गासमोर फळ्यावर स्वतः लिहावे आणि मनातले मोठ्याने बोलावे: ‘थांबा, मी पावसाचं वर्णन करतेय, पण आपण कुठे आहोत हे वाचणाऱ्याला सांगितलंच नाही. हे वाक्य वर नेते.’ कॅरेन हॅरिस आणि ग्रॅहम यांनी विकसित केलेल्या, पायऱ्यांनी शिकवण्याच्या पद्धतीत हे मोठ्याने विचार करणे मध्यवर्ती आहे. मुलांना तयार निबंध रोज दिसतो. खोडाखोड करणारा मोठा माणूस त्यांना जवळजवळ कधीच दिसत नाही.

राहिला प्रश्न वह्या तपासण्याचा. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्रायलमधील पाचवी-सहावीच्या मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. कामे निबंधाची नव्हती, शब्द बनवणे आणि नव्या कल्पना सुचवणे अशी होती. काहींना फक्त गुण मिळाले, काहींना फक्त लेखी अभिप्राय, काहींना दोन्ही. नुसता अभिप्राय मिळालेल्या मुलांचे पुढचे काम सुधारले आणि गोडीही टिकली. अभिप्रायाशेजारी गुण दिले की तो फायदा बहुतांशी नाहीसा झाला. साठ मुलांच्या वर्गात सविस्तर अभिप्राय शक्य नाही, हे खरेच आहे. पण पहिल्या खर्ड्यावर दहापैकी सहा लिहिण्याऐवजी समासात एकच प्रश्न लिहिता येतो, ‘पाऊस आल्यावर बैल कुठे होते?’ असा, ज्याचे उत्तर फक्त त्या मुलालाच माहीत आहे. दुसऱ्या दिवशी त्याने सगळा निबंध पुन्हा लिहायचा नाही, तो एक परिच्छेद लिहायचा. गुण त्यानंतर.