‘समुपदेशन’ या शब्दातला उपदेश: जनुकीय समुपदेशकाच्या शिक्षणाची पार्श्वभूमी

जीवतंत्रज्ञान किंवा प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली पुण्यातली मुले जनुकीय समुपदेशक, म्हणजे आनुवंशिक आजारांची माहिती कुटुंबांना समजावून सांगणारे तज्ज्ञ, होण्याविषयी विचारू लागतात, तेव्हा अभ्यासक्रम किती वर्षांचा, कुठे आहे आणि पुढे नोकरी कुठे, असे त्यांचे प्रश्न असतात. ते रास्तच आहेत. पण या शिक्षणाचा बराचसा वेळ आनुवंशिकीपेक्षा बोलण्याच्या आणि विशेषतः गप्प बसण्याच्या सरावात का जातो, याचे उत्तर इतिहासात आहे. ‘समुपदेशन’ या मराठी शब्दात उपदेश दडलेला आहे आणि नेमका तोच या व्यवसायात करायचा नसतो.

याचे मूळ सुप्रजननशास्त्रात आहे. फ्रान्सिस गाल्टन यांनी 1883 मध्ये त्याला ‘युजेनिक्स’ हे इंग्रजी नाव दिले आणि ‘चांगल्या’ वंशाची वाढ व्हावी, ‘वाईट’ वंश थांबावा, हा विचार पुढच्या अर्धशतकात कायद्यांत उतरला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1927 मध्ये सक्तीची नसबंदी वैध ठरवली. जर्मनीने 1933 मध्ये तसा कायदाच केला. या इतिहासाला पुण्याचाही एक धागा आहे. इरावती कर्वे 1928 मध्ये बर्लिनला गेल्या, त्या ज्या संस्थेत तिच्या नावातच मानववंशशास्त्र आणि मानवी आनुवंशिकतेबरोबर सुप्रजनन होते. तिचे संचालक ऑयगेन फिशर हेच त्यांचे मार्गदर्शक होते. कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा संबंध वंशाशी जोडता येतो का, हा कर्वे यांचा विषय होता आणि मोजमापांतून तसा संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष त्यांनी मार्गदर्शकाच्या अपेक्षेविरुद्ध मांडला. मोजलेली वस्तू जे सांगत नाही, ते तिच्या तोंडी घालायचे नाही, ही शिस्त समुपदेशकालाही शिकावी लागते.

‘जनुकीय समुपदेशन’ हा शब्दप्रयोग 1947 मध्ये मिनेसोटा विद्यापीठातील डाइट इन्स्टिट्यूटचे शेल्डन रीड यांनी रूढ केला. गंमत अशी की, ही संस्था चार्ल्स डाइट या कट्टर सुप्रजननवाद्याच्या मृत्युपत्रातील पैशांवर उभी राहिली होती. रीड त्या वर्तुळापासून पूर्णपणे तुटले होते असेही नाही. पण कुटुंबाला माहिती द्यायची आणि निर्णय त्याच्यावर सोपवायचा, ही भूमिका त्यांनी ठामपणे मांडली.

पुढची गरज प्रयोगशाळेने निर्माण केली. माणसाची गुणसूत्रे 46 आहेत, हे 1956 मध्ये निश्चित झाले. डाउन सिंड्रोममध्ये एकविसावे गुणसूत्र जास्तीचे असते, हे 1959 मध्ये कळले. 1966 पासून गर्भजलातील पेशी वाढवून गुणसूत्रे तपासता येऊ लागली. अहवाल देणारे वाढले. समोर बसून तो अहवाल समजावून सांगायला मात्र डॉक्टरांकडे वेळ नव्हता. ही उणीव ओळखून मेलिसा रिक्टर यांनी न्यूयॉर्कजवळच्या सारा लॉरेन्स कॉलेजात 1969 मध्ये या विषयाचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. विज्ञानाला मानसशास्त्राची, विशेषतः कार्ल रॉजर्स यांच्या ‘दिशा न देणाऱ्या’ संवादपद्धतीची, जोड मिळाली. अमेरिकेत समुपदेशकांची राष्ट्रीय संघटना 1979 मध्ये स्थापन झाली.

भारतात ‘जनुकीय समुपदेशन’ हा शब्द सामान्य माणसाच्या कानी आला तो वेगळ्याच वाटेने, गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यातून. महाराष्ट्राने 1988 मध्ये असा कायदा देशात सर्वांत आधी केला. केंद्राचा कायदा 1994 मध्ये मंजूर झाला आणि 1996 पासून लागू झाला. सोनोग्राफी केंद्रांच्या दारावरची पाटी सर्वांना ठाऊक आहे, पण याच कायद्याने ‘जनुकीय समुपदेशन केंद्र’ ही संज्ञा करून त्याची नोंदणी बंधनकारक केली, हे फारसे कुणी लक्षात घेत नाही. केंद्र चालवण्यासाठी वैद्यकीय आनुवंशिकीतज्ज्ञ हवा, नाहीतर या कामाचा सहा महिन्यांचा अनुभव किंवा चार आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेला स्त्रीरोगतज्ज्ञ वा बालरोगतज्ज्ञ. एम.एस्सी.ची दोन वर्षे याच कामासाठी घालवणाऱ्या समुपदेशकाचे तिथे नावही नाही. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गर्भतपासणीचा गैरवापर होता, एक स्वतंत्र व्यवसाय नव्हता. तरीही ही तफावत मला खटकते.

प्रत्यक्ष प्रशिक्षणात पहिले काम येते वंशावळ काढण्याचे. आपल्याकडे तीर्थक्षेत्री घराण्यांच्या वंशावळी लिहून ठेवणाऱ्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत प्रामुख्याने पुरुषांची नावे सापडतात. इथे पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, गर्भपाताला छोटा त्रिकोण आणि नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत आहे, त्यामुळे ही दुहेरी रेघ इथल्या विद्यार्थ्याला लवकर सवयीची होते. मराठीचा एक फायदाही आहे. काका, मामा, आत्या, मावशी म्हणताच बाजू कळते. इंग्रजीत ‘अंकल’ म्हटल्यावर पुन्हा विचारावे लागते. अडचण येते ती ‘आमच्या घराण्यात असलं काही नाही’ या वाक्यापाशी. प्रश्न फिरवून, ‘लहानपणी कुणी गेलं होतं का? कुणाला सारखं रक्त चढवावं लागायचं का?’ असे विचारल्यावर एखादी आजी पदराशी चाळा करत, बारशाआधीच गेलेल्या बाळाचा उल्लेख करते आणि कागदावर एक चौकोन वाढतो.

दुसरा अवघड धडा टक्क्यांचा. देशात बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसलेले पण सदोष जनुक मुलांना देऊ शकणारे लोक, साधारण 3 ते 4 टक्के मानले जातात, सिंधी समाजात हे प्रमाण अधिक आहे आणि पिंपरी कॅम्पात फाळणीनंतर वसलेली मोठी सिंधी वस्ती आहे. दोघेही वाहक असतील, तर बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. हे ऐकून अनेक जोडपी ‘पहिल्याला झाला, म्हणजे पुढची तीन सुटली’ असा हिशेब करतात. शक्यता प्रत्येक गरोदरपणात नव्याने तेवढीच असते, हे समजावताना चिठ्ठ्या उचलून दाखवाव्या लागतात आणि उचललेली चिठ्ठी दर वेळी परत डब्यात टाकावी लागते. पत्रिकेतल्या ‘एक नाडी’चा विषय हमखास निघतो, तिचा वाहक असण्याशी संबंध नाही, हे समोरच्याचा अपमान न करता सांगणे हाही सरावाचाच भाग.

यानंतर जोडपे विचारते, ‘तुम्ही आमच्या जागी असता तर काय केलं असतं?’ विद्यार्थ्याची खरी परीक्षा इथे होते. पर्यवेक्षक शेजारी बसून फक्त ऐकत असतो. विद्यार्थ्याने उत्तराची घाई केली, तर ते संभाषण पुढच्या बैठकीत त्याच्याकडून पुन्हा वठवून घेतले जाते. कायद्यानेही गर्भजल तपासणीपूर्वी स्त्रीला धोके आणि परिणाम समजावून, तिला समजणाऱ्या भाषेत लेखी संमती घेण्याची आणि तिची प्रत तिला देण्याची अट घातली आहे. पुण्यात ती भाषा बहुतेकदा मराठी असते, आणि इंग्रजी पुस्तकांतून शिकलेल्या विद्यार्थ्याला ‘वाहक’ म्हणजे रुग्ण नव्हे, हे वाक्य मराठीत पहिल्यांदा बोलून पाहावे लागते ते त्या संमतिपत्रासमोर.