माछेर झोल आणि माछेर झाल: एका मात्रेचा फरक

बंगाली घरांत रोज शिजणाऱ्या माशांच्या पदार्थांपैकी ‘माछेर झोल’ आणि ‘माछेर झाल’ ही नावे लिहिताना फक्त एका मात्रेने वेगळी होतात. त्यामुळे आपल्याकडे ती एकाच पदार्थाची समजली जातात आणि हलका रस्सा करायचा म्हणून सुरुवात केलेल्या पातेल्यात मोहरीचे वाटण पडते. बंगालीत झोल म्हणजे रस्सा आणि झाल म्हणजे तिखट, एवढे ध्यानात ठेवले तरी निम्मा घोटाळा टळतो.

पहिली पायरी दोन्हींची सारखीच आहे. रोहू किंवा कटल्याच्या तुकड्यांना हळद-मीठ चोळून ते थोडा वेळ मुरू द्यावेत, मोहरीचे तेल धूर येऊन त्याचा पिवळा रंग फिका होईपर्यंत तापवावे आणि तुकडे दोन्ही बाजूंनी हलकेच परतून बाजूला काढावेत. मासा कडक तळला तर तो रस्सा शोषत नाही, आणि झोलाचा सगळा जीव तर रस्श्यातच असतो.

झोलासाठी त्याच तेलात कलौंजी आणि चिरलेल्या हिरव्या मिरच्यांची फोडणी करावी. (कलौंजीला बंगालीत ‘कालो जिरे’ म्हणतात, ते आपले शहाजिरे नव्हे, आणि कांद्याचे बी तर नव्हेच.) मग बटाट्याच्या लांब फोडी, वांगे किंवा परवर परतून त्यावर हळद आणि थोडी आले-जिऱ्याची गोळी घालावी. अर्धा किलो माशाला सुमारे तीन कप गरम पाणी पुरते. बटाटा शिजत आला की मासे सोडून पाच-सात मिनिटे मंद आचेवर उकळू द्यावे. रस्सा पाण्यासारखा पातळ दिसला म्हणून घाबरून कांदा-टोमॅटोचे वाटण घालू नये, कारण माशाची आणि भाजीची चव त्या पातळपणामुळेच कळते. आजारातून उठलेल्या माणसाला मिरची कमी करून, कच्चे केळे किंवा कच्ची पपई घालून शिंगी-मागूरसारख्या माशांचा झोल देण्याची तिकडे रीतच आहे.

झालात भाजी सहसा नसते. भिजवलेली मोहरी हिरवी मिरची आणि चिमूटभर मिठासोबत बारीक वाटावी, एक कप पाण्यात कालवावी आणि हे पाणी कढईत घालून आच लगेच कमी करावी. मोहरीचा झणका उडून जाणारा असल्याने ती फार वेळ उकळली की तिखटपणा विरतो, आणि मोठ्या आचेवर कोरडी परतली तर कडवटपणा येतो. मासे घालून झाकण ठेवावे, वाटण तुकड्यांना लपेटून राहील इतपतच रस उरू द्यावा आणि उतरवल्यावर वरून चमचाभर कच्चे मोहरीचे तेल सोडावे.